गोळीत कंटेंट तोच, पण रेणू रचलेत कसे?

ठाण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की हा संवाद कानावर पडतो. "काका, ही कंपनी संपलीये, दुसरी देऊ? कंटेंट सेम आहे." काका स्ट्रिप उलटसुलट करून बघतात, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचतात आणि विचारतात, "नक्की सेम ना?" जनऔषधी केंद्रासमोरही हाच प्रश्न, फक्त किमतीतला फरक मोठा असल्यामुळे शंकाही मोठी.

प्रश्न अगदी रास्त आहे. बहुतेक वेळा त्याचं उत्तर "हो, सेम आहे" असंच असतं. पण ते "हो" म्हणता यावं म्हणून कुणीतरी आधी एक गोष्ट तपासलेली असावी लागते, आणि ती स्ट्रिपवर छापलेली नसते. त्या गोळीत औषधाचे रेणू एकमेकांशेजारी कसे रचले गेलेत, ही ती गोष्ट. गोळी पोटात किती लवकर विरघळेल, मशीनवर दाबताना फुटेल की टिकेल, पावसाळ्यात बिघडेल की नाही, हे बऱ्याच अंशी या रचनेवर ठरतं. या रचनेवरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. आणि दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत पसरलेल्या आपल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यात, तळोज्यात, ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या आसपास कितीतरी घरांची चूल औषध आणि रसायनांच्या धंद्यावर पेटते. त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेतल्या लोकांवर सोडून देण्यासारखा नाही, असं मला वाटतं.

## आधी रेणू, मग त्यांची वसाहत

साखर, कापूर, पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन हे सगळे लहान सेंद्रिय रेणू. सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभे राहिलेले. लहान म्हणजे पॅरासिटामॉलच्या एका रेणूत फक्त 20 अणू, साखरेच्या रेणूत 45. प्रथिनांमध्ये हीच संख्या हजारोंवर जाते, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा.

पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅममध्ये साधारण 2 वर 21 शून्यं इतके रेणू असतात. ते पोत्यात ओतल्यासारखे अस्ताव्यस्त पडलेले नसतात. एक ठरावीक मांडणी पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली तशीच्या तशी पुन्हा पुन्हा येत राहते. अशी शिस्तीत पसरलेली मांडणी म्हणजे स्फटिक.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज ज्यांनी पाहिलंय त्यांना ही कल्पना चटकन पटेल. चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात ते आखलं तेव्हा छोट्या अंगणाभोवती घरांचा एक पुंजका, असे पुंजके जोडून मोठा पुंजका, अशी रचना केली. आता कल्पना करा की घराचा नकाशा एकच आहे. एका वास्तुविशारदाने ती घरं अंगणाभोवती समोरासमोर बसवली. दुसऱ्याने तीच घरं पाठीला पाठ लावून सरळ रांगांत उभी केली. विटा तेवढ्याच, खोल्या तेवढ्याच, दारंखिडक्या त्याच. पण दोन वसाहतींचा स्वभाव निराळा. जागा किती लागते, कोणाची भिंत कोणाला लागून आहे, कडेचं एक घर काढायचं ठरवलं तर ते सहज सुटेल की शेजारच्या चार घरांना धरून बसेल, सगळंच बदलतं.

इथे घर म्हणजे रेणू आणि पुन्हा पुन्हा येणारा पुंजका म्हणजे युनिट सेल. एकाच रेणूची अशी वेगवेगळी मांडणी होऊ शकते, याला बहुरूपता म्हणतात आणि प्रत्येक मांडणीला 'रूप' किंवा कारखान्याच्या भाषेत 'फॉर्म'. या लेखात लागणारे अवघड शब्द एवढेच.

गोळी विरघळणं म्हणजे या वसाहतीच्या कडेवरून एकेक घर सुटून पाण्यात जाणं. घरं एकमेकांना घट्ट धरून असतील तर सुटायला वेळ लागतो. एकदा रेणू सुटून पाण्यात गेला की तो कुठल्या वसाहतीतून आला याची खूणसुद्धा त्याच्यावर उरत नाही. रक्तात पोहोचलेलं पॅरासिटामॉल हे फक्त पॅरासिटामॉल असतं. फरक पडतो तो विरघळेपर्यंतच्या प्रवासात.

## रेणू एकमेकांना धरून ठेवतात कशाने?

रेणूच्या आतले अणू पक्क्या बंधांनी जोडलेले असतात, पण रेणू-रेणूंमधली पकड त्या मानाने फार सैल असते. ती किती सैल, हे घरातल्याच तीन वस्तू सांगतात.

कपाटातल्या डांबरगोळ्या काही महिन्यांत झिजून जातात, आणि वास मात्र सगळ्या साड्यांना. जुन्या पद्धतीच्या डांबरगोळ्या नॅफ्थलिनच्या. नॅफ्थलिनचे चपटे रेणू एकमेकांशी फक्त दुबळ्या आकर्षणाने टेकलेले असतात, त्यामुळे कडेचे रेणू वितळण्याचीही वाट न पाहता थेट हवेत उडतात. देवघरातल्या कापराची गत याहून गमतीची आहे. कापराचा रेणू जवळपास गोलसर. स्फटिकात तो आपली जागा सोडत नाही, पण जागच्या जागी गिरक्या घेत राहतो. म्हणूनच कापूर बोटाने दाबला तर मऊ लागतो.

साखर मात्र डब्यात वर्षभर राहिली तरी उडून जात नाही. साखरेच्या प्रत्येक रेणूवर हायड्रॉक्सिलचे, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे 8 गट असतात. त्यातला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. एकटा बंध कमजोर, पण प्रत्येक रेणू चहूबाजूंनी असा बांधला गेला की सगळी वसाहत मजबूत होते.

दोऱ्यावरची खडीसाखर हातात घेऊन उजेडात धरा. खडे लहानमोठे, काही अर्धवट, काही एकमेकांत घुसलेले. पण एका चांगल्या खड्याच्या दोन सपाट बाजूंमधला कोन दुसऱ्या खड्यावर शोधला तर तोच मिळतो. निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने 1669 मध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकांबद्दल हे लिहून ठेवलं, तेव्हा अणू-रेणू ही फक्त कल्पना होती. आतली मांडणी ठरलेली असल्याशिवाय बाहेरचे कोन असे ठरावीक येणार नाहीत, हे आज आपल्याला उघड दिसतं. दोरा कशाला लावतात, तेही पाहण्यासारखं आहे. दाट पाकातल्या रेणूंना पहिली मांडणी सुरू करायला काहीतरी आधार लागतो. तो मिळाला की पुढचे रेणू येऊन नेमक्या जागी बसत जातात. या दोऱ्याचा संबंध पुढे औषधाच्या कारखान्याशी येणार आहे.

## दिसत नाही ते मोजलं कसं?

रेणूंमधली अंतरं मोजायला ॲंगस्ट्रॉम हे एकक वापरतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक ॲंगस्ट्रॉम. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध सुमारे 1.54 ॲंगस्ट्रॉम लांब असतो. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर याच्या हजारो पट लांब, त्यामुळे भिंग कितीही चांगलं असलं तरी त्यातून अणू दिसत नाहीत. क्ष-किरणांची लहर मात्र याच मापाची असते. प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे तांब्याचे क्ष-किरणही नेमके 1.54 ॲंगस्ट्रॉमचेच.

माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1912 मध्ये स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागच्या फोटोप्लेटवर ठिपके उमटले. ब्रॅग पितापुत्रांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायची रीत बसवली. 1915 चं नोबेल मिळालं तेव्हा मुलगा लॉरेन्स ब्रॅग 25 वर्षांचा होता.

आजची पद्धत थोडक्यात अशी. मिलिमीटरच्या एक-दोन दशांश आकाराचा, तडा न गेलेला स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. तेलाच्या थेंबासकट तो एका बारीक फासावर उचलतात. त्याच्यावर थंड नायट्रोजनचा झोत सोडून तापमान उणे 173 अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे अणूंची थरथर कमी होते. मग स्फटिक हळूहळू फिरवत हजारो ठिपके नोंदतात. प्रत्येक ठिपका किती ठळक आहे हे मोजता येतं, पण क्ष-किरणाची लहर कुठल्या टप्प्यावर असताना तिथे पोहोचली हे कळत नाही, आणि अणूंच्या जागा काढायला दोन्ही हवं. ही अडचण कित्येक वर्षं संशोधकांना छळत होती. हर्बर्ट हॉप्टमन आणि जेरोम कार्ल यांनी गणिताने ती फोडली, त्यासाठी त्यांना 1985 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता चांगला स्फटिक हाती असेल तर एका लहान रेणूची रचना काही तासांत सुटते.

त्याआधी हे काम म्हणजे तपश्चर्याच होती. कॅथलीन लॉन्सडेल यांनी 1929 मध्ये हेक्सामिथाइलबेंझिनच्या स्फटिकावरून बेंझिनचं कडं सपाट असल्याचं सिद्ध केलं आणि रसायनशास्त्रज्ञांचा जुना वाद मिटवला. डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये पेनिसिलीनची रचना उलगडली. ब जीवनसत्त्वांतल्या बी-12 ची रचना सोडवायला त्यांना आणि सहकाऱ्यांना 1948 ते 1956 अशी आठ वर्षं लागली. 1964 चं नोबेल त्यांना याच कामाबद्दल मिळालं. आणि ज्या नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्या आपण कपाटात टाकतो, त्याच्या स्फटिकातल्या रेणूंच्या मांडणीवर 1930च्या सुमारास कलकत्त्यात केदारेश्वर बॅनर्जी यांनी मूलभूत काम केलं होतं. हे नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

सुटलेल्या रचना साठवायला केंब्रिजमध्ये ओल्गा केनर्ड यांनी 1965 मध्ये एक संग्रह सुरू केला. 2019 मध्ये त्यात दहा लाखावी रचना जमा झाली. नवं औषध शोधणारे, रंगद्रव्यं बनवणारे, सगळे या संग्रहाचा आधार घेतात.

## पॅरासिटामॉलचीही दोन रूपं?

दोनाहून जास्त आहेत, पण समजून घ्यायला पहिली दोन पुरेत. पहिल्या रूपात रेणूंचे थर घड्या घातलेल्या कागदासारखे दुमडलेले असतात. दुसऱ्या रूपात ते सपाट असतात.

एवढ्याशा फरकाने गोळी बनवणाऱ्याचं काम अवघड होतं किंवा सोपं. मशीनमध्ये भुकटीवर दाब पडला की सपाट थर एकमेकांवरून घसरतात आणि भुकटी छान दबून एकजीव होते. दुमडलेले थर घसरतच नाहीत. दाब काढला की गोळीची टोपी उडते, याला टॅब्लेटिंगवाले 'कॅपिंग' म्हणतात. म्हणजे दुसरं रूप कारखान्याला सोयीचं. तरीही बाजारात मिळणारं पॅरासिटामॉल पहिल्या रूपाचंच असतं, कारण ते जास्त स्थिर आहे. दुसरं रूप संधी मिळाली की पहिल्यात बदलू पाहतं. म्हणून पहिलं रूप घेऊन त्यात चिकटवणारे घटक मिसळून आधी दाणे तयार करतात आणि मग गोळी दाबतात. ताप उतरवण्यात दोन्ही रूपांत फरक नाही, दोन्ही पुरेशी विरघळतात.

मग घाबरायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पॅरासिटामॉलच्या बाबतीत घाबरायचं काहीच कारण नाही. पण सगळी औषधं इतकी सहज विरघळणारी नसतात.

## रिटोनाविर: 1998 ची गोष्ट

एचआयव्हीवरचं हे औषध ॲबट कंपनीने 1996 मध्ये बाजारात आणलं. कोविडच्या काळात पॅक्सलोविड हे नाव ऐकलं असेल, त्यातल्या दोन औषधांपैकी एक हेच. रिटोनाविरचा रेणू 98 अणूंचा, लवचीक आणि पाण्यात जेमतेम विरघळणारा. म्हणून कंपनीने तो अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरला. त्या वेळी त्याचं एकच रूप माहीत होतं. औषध द्रवात विरघळलेलंच असल्यामुळे स्फटिकांच्या रूपांची फार चिंता करायची गरज आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. 1998 मध्ये काही कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. उघडून पाहिलं तर आत स्फटिक साचलेले. क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा कळलं की हे आधी कुणी न पाहिलेलं रूप आहे. नव्या रूपात रेणूने आपला एक भाग निराळ्या, अवघडलेल्या पद्धतीने वळवून घेतला होता. तसं वळणं रेणूला सहजासहजी जमत नाही, म्हणूनच इतकी वर्षं हे रूप जन्माला आलं नव्हतं. पण एकदा वळला की शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध फार घट्ट बसतात. जुन्या रूपापेक्षा नवं रूप कित्येक पटींनी कमी विरघळत होतं. कॅप्सूलमधलं मिश्रण जुन्या रूपाच्या हिशेबाने बेताचं होतं, नव्याच्या हिशेबाने मात्र त्यात औषध कितीतरी जास्त कोंबलेलं होतं. ते खाली बसणारच होतं.

पुढचं अधिक चक्रावणारं आहे. कारखान्यात जुनं रूप बनवायला गेलं तरी नवंच मिळू लागलं. नव्या रूपाचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत, कपड्यांवर, भांड्यांच्या सांध्यांत पोहोचले होते, आणि प्रत्येक कण खडीसाखरेच्या दोऱ्याचं काम करत होता. अमेरिकेतल्या कारखान्यात हे सुरू झालं तेव्हा इटलीतला कारखाना अजून स्वच्छ होता. अमेरिकेतून तज्ज्ञ तिथे जाऊन आले आणि थोड्याच दिवसांत तिथेही नवं रूप दिसू लागलं.

कॅप्सूल बाजारातून गेल्या. रुग्णांना तोंडात धरवत नाही अशा चवीचं द्रव औषध घ्यावं लागलं. 1999 मध्ये नव्या पद्धतीच्या कॅप्सूल आल्या. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी जुनं रूप भरवशाने बनवण्याची रीतही शोधून काढली. रेणू तोच, सूत्र तेच, शुद्धता तीच, आणि तरीही रोज ज्यावर जीव अवलंबून आहे ते औषध हाताशी नाही, ही वेळ रुग्णांवर आली. औषध उद्योगात रूपांच्या तपासणीकडे पाहण्याची नजर या प्रसंगानंतर पालटली.

## आपल्याकडच्या कारखान्यात हे कसं सांभाळतात?

रबाळे-महापे भागात औषधाच्या मूळ द्रव्याच्या, म्हणजे एपीआयच्या प्लांटमध्ये काम करणाऱ्या कुणालाही 'सीडिंग' विचारा. रिॲक्टरमध्ये गरम द्रावण तयार असतं. ते ठरावीक गतीने थंड करत आणतात. एका विशिष्ट तापमानाला, द्रावणातून औषध बाहेर पडायच्या बेतात असताना, हव्या त्या रूपाची थोडी भुकटी आत टाकतात. एकूण मालाच्या मानाने ती अगदी थोडी असते, अनेकदा शेकडा एकपेक्षाही कमी. हीच त्यांची सीड. उरलेले रेणू तिची मांडणी पुढे चालवतात. सीड लवकर टाकली तर ती विरघळून जाते, उशिरा टाकली तर तोवर भलतंच रूप सुरू झालेलं असू शकतं. शिफ्टमधल्या ऑपरेटरने तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून त्या काही मिनिटांत जे केलं, त्यावर लाखोंची बॅच अवलंबून असते.

मग माल सेंट्रिफ्यूजमध्ये जातो, मदर लिकर म्हणजे उरलेलं द्रावण वेगळं होतं, ओला केक ड्रायरमध्ये, तिथून मिलमध्ये. प्रत्येक पायरीवर रूप बदलण्याचा धोका असतो. ड्रायरचं तापमान वाढलं तर स्फटिकात अडकलेलं पाणी निघून जातं आणि मांडणी कोसळून दुसरी तयार होते. मिलमध्ये जास्त दळलं तर शिस्तच मोडते आणि अस्फटिकी, म्हणजे मांडणी नसलेला भाग तयार होतो. असा भाग झटकन विरघळतो, पण काही दिवसांनी तो पुन्हा स्फटिक होऊ पाहतो.

म्हणून क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, भुकटीचा एक्सआरडी (क्ष-किरणांचा आलेख) काढतात. एकच मोठा स्फटिक न घेता भुकटीवरच क्ष-किरण टाकले की आलेखावर ठरावीक कोनांना शिखरं उमटतात. प्रत्येक रूपाची शिखरं निराळ्या ठिकाणी. प्रमाण नमुन्याच्या आलेखाशी ती जुळली की माल पुढे जातो. नको असलेल्या जागी एक छोटंसं शिखर डोकावलं तरी बॅच थांबते.

## संगणकाने आधीच सगळी रूपं का शोधत नाहीत?

शोधतात, आणि त्यात आता बरीच प्रगती झाली आहे. पण काम कमालीचं नाजूक आहे. दोन रूपांमधला ऊर्जेचा फरक बहुतेकदा अगदी थोडा, दर मोलमागे जेमतेम एक-दोन किलोज्यूल असतो. रेणूंच्या शक्य असलेल्या मांडण्या मात्र लाखोंनी. त्यातली खरोखर कुठली जन्माला येईल, हे द्रावण कुठलं, थंड करण्याची गती किती, हवेत कुठले कण आहेत यावरही ठरतं. केंब्रिजचा तो संग्रह सांभाळणारी संस्था 1999 पासून अधूनमधून एक परीक्षा घेते. रेणूचं फक्त सूत्र द्यायचं आणि जगभरच्या गटांनी स्फटिकाची रचना सांगायची. खरी रचना परीक्षकांकडे बंद पाकिटात. सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुतेकांची दांडी उडायची, अलीकडे चांगली उत्तरं येतात.

तरीही संगणक सांगतो ते "ही रूपं संभवतात" एवढंच. "यापलीकडे एकही नाही" अशी हमी तो देऊ शकत नाही. रिटोनाविरचंच पाहा. 1998 नंतर इतका अभ्यास होऊनसुद्धा 2022 मध्ये त्याचं आणखी एक रूप सापडलं.

## मग जेनेरिक घ्यावं की नाही?

घ्यावं. हे मी ठामपणे सांगतो, आणि रचनेबद्दलच्या वरच्या माहितीतून उलटा निष्कर्ष निघू नये म्हणून मुद्दाम सांगतो.

जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीचंच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं. जेनेरिक कंपनीने मूळ कंपनीचंच रूप वापरलं पाहिजे असं नाही. कधी कधी पेटंट चुकवण्यासाठीच ती वेगळं रूप घेते. पाहायचं असतं ते हे की औषध रक्तात तितकंच आणि तितक्याच वेगाने पोहोचतं का. यासाठी निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही औषधं देऊन रक्तातलं प्रमाण मोजतात. भारतात एप्रिल 2017 च्या नियमांनुसार ज्या औषधांची विरघळण्याची क्षमता कमी आहे, त्यांच्या जेनेरिकसाठी अशी चाचणी सक्तीची झाली. म्हणजे जिथे रूपाने फरक पडण्याचा धोका सर्वात जास्त, नेमकं तिथेच.

या चाचणीतल्या "80 ते 125 टक्के" या मर्यादेवरून बराच गैरसमज आहे. जेनेरिकमध्ये औषध 20 टक्के कमी असलं तरी चालतं, असं लोक समजतात. तसं नाही. ही मर्यादा सरासरीला लावलेली नाही. सरासरीभोवती अनिश्चिततेचा जो पट्टा असतो, तो पूर्णच्या पूर्ण या मर्यादेत बसावा लागतो. सरासरी खरंच 20 टक्क्यांनी कमी आली तर पट्ट्याचं एक टोक 80 च्या खाली जातं आणि औषध नापास होतं. पास होणाऱ्यांची सरासरी मूळ औषधाच्या बरीच जवळ असते.

फिट्स, थायरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अशा काही औषधांत मात्र थोड्या फरकानेही त्रास होऊ शकतो. तिथे दर महिन्याला कंपनी बदलत राहू नये, आणि बदलायची झाली तर डॉक्टरांना सांगून बदलावी.

## नवं रूप सापडलं म्हणजे नवं औषध झालं का?

हा प्रश्न 2013 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब हे औषध अक्षरशः जीवदान ठरलं. नोव्हार्टिस कंपनीने त्याच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा या स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं. तेव्हा कंपनीच्या ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे 1 लाख 20 हजार रुपये सांगितला जायचा, आणि भारतीय जेनेरिकचा 8 ते 10 हजार. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र) ठिकाणी रक्ताच्या कर्करोगावर उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांना हा फरक कसा वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

भारताच्या पेटंट कायद्यात 2005 मध्ये कलम 3(ड) नव्या स्वरूपात आलं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप केवळ नवं आहे म्हणून त्याला पेटंट मिळणार नाही, त्याने परिणामकारकता वाढली पाहिजे, असं ते सांगतं. स्फटिकरूपांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. बीटा रूपाची भुकटी चांगली वाहते, ते जास्त स्थिर आहे, हवेतली ओल कमी शोषतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने 1 एप्रिल 2013 रोजी निकाल दिला. हे गुण कारखान्याला आणि साठवणुकीला उपयोगी आहेत, पण औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचा परिणाम, आणि तो वाढल्याचं दाखवलेलं नाही, असं सांगून त्यांनी पेटंट नाकारलं.

यावर आक्षेप असा की चांगलं रूप शोधायलाही मेहनत आणि पैसा लागतो, मग त्याचं फळ का नको? आक्षेपात तथ्य आहे. रिटोनाविरची गोष्ट वाचल्यावर रूप शोधणं हे किरकोळ काम आहे असं कुणीच म्हणणार नाही. पण मेहनतीचं मोल म्हणून मूळ औषधावरची मक्तेदारी आणखी कित्येक वर्षं लांबवू देणं, हे मला पटत नाही. स्थिर रूप शोधणं ही औषध नीट बनवण्याचीच एक जबाबदारी आहे.

## पावसाळा, ओल आणि तुमचा गोळ्यांचा डबा

जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईच्या हवेत काय ओल असते ते घरातलं मीठ सांगतं. काही औषधांचे स्फटिक या ओलीतले पाण्याचे रेणू आपल्या मांडणीत ओढून घेतात आणि वेगळीच वसाहत तयार होते. फिट्सवरचं कार्बामाझेपीन हे याचं ठळक उदाहरण. कोरडं कार्बामाझेपीन ओल्या हवेत राहिलं की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू आत घेतं. हे नवं रूप पाण्यात कमी विरघळतं आणि गोळीही टणक होते. अशा दमट जागी ठेवलेल्या गोळ्यांची परिणामकारकता एक तृतीयांशापर्यंत घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1990च्या सुमारास दिला होता. गोळीचा रंग बदलत नाही, वास येत नाही. फिट आल्यावरच काहीतरी चुकलंय हे कळतं.

घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्या आठवड्याच्या कप्प्यांच्या डब्यात काढून ठेवायची पद्धत चांगली आहे, डोस चुकत नाही. पण पावसाळ्यात एका वेळी आठवड्याच्याच काढा, महिन्याच्या नको. आणि जी गोळी दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पाकिटात येते ती सोलूच नका. कात्रीने त्या गोळीपुरता तुकडा कापून, पाकिटासकट कप्प्यात ठेवा. कंपनीने महागडं पाकीट वापरलंय ते बहुधा ओलीसाठीच. बाटलीत येणाऱ्या गोळ्यांबरोबर सिलिका जेलची पुडी असते, ती बाटली संपेपर्यंत आतच राहू द्या. बाथरूममधलं आरशामागचं कपाट आणि गॅसशेजारचा कप्पा या दोन्ही जागा गोळ्यांसाठी वाईट, एकीकडे वाफ आणि दुसरीकडे वाफ आणि उष्णता दोन्ही. फ्रिजमध्ये ठेवायचं फक्त ज्या औषधावर तसं लिहिलंय तेच, कारण फ्रिजमधून बाहेर काढलेल्या बाटलीत दर वेळी दमट हवा शिरून आत पाणी धरतं.

आणि कार्बामाझेपीनची स्ट्रिप ओल्या खिशात, भिजलेल्या छत्रीसोबत बॅगेत राहिली असेल, पाकीट फाटलेलं असेल, तर त्या गोळ्या वापरू नका. मेडिकलमधून नवी स्ट्रिप घ्या, शक्यतो त्याच कंपनीची.